मराठी विकीचं रूप बदलताना : मीडियाविकीची स्किन, मांडणी आणि देवनागरी अक्षर

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, म्हणून वाचनालयं, ट्रेकिंगचे गट, शाळा, बोलीभाषेचे शब्द गोळा करणारे हौशी लोक असे अनेक जण आपला विकी उभा करतात. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकांची सूची अशाच एका विकीवर आहे. विकी उभा राहतो पटकन, अडतं ते नंतर. अक्षर बारीक दिसतं, शीर्षकातला रफार वर कापला जातो, फोनवर तक्ता पडद्याबाहेर पळतो, आणि हे सगळं नेमकं कुठे जाऊन दुरुस्त करायचं ते कळत नाही. रूप बदलण्याच्या चार-पाच वेगवेगळ्या जागा आहेत आणि चुकीच्या जागी केलेला बदल एक तर लागू होत नाही किंवा पुढच्या अपग्रेडमध्ये पुसला जातो. म्हणून कुठला बदल कुठे करायचा, या क्रमानेच हा लेख लिहिला आहे.

एक सूचना आधीच. फाइलींची, पानांची आणि सेटिंगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांच्या भेदासकट, तंतोतंत टाकावी लागतात. नेमकी ओळ कॉपी करायची असेल तर मीडियाविकी.ऑर्गवर त्या त्या स्किनचं (स्किन म्हणजे विकीला चढवायचा रूपाचा आणि मांडणीचा तयार पोशाख) आणि सेटिंगचं स्वतंत्र पान आहे, तिथूनच घ्या.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोचण्याची सोय : होस्टिंगचा फाइल मॅनेजर, एफटीपी किंवा एसएसएच.
- ‘लोकलसेटिंग्ज.पीएचपी’ या, विकीची सेटिंग ठेवणाऱ्या फाइलची आजच्या तारखेची प्रत, स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवलेली.
- विकीवर ‘इंटरफेस प्रशासक’ हा अधिकार. नुसतं प्रशासक असणं पुरत नाही. २०१८ पासून संपूर्ण विकीची सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) आणि जावास्क्रिप्ट (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड) बदलण्याचा अधिकार वेगळा काढला आहे. विकी स्थापन करताना जे पहिलं खातं तयार होतं त्याला तो आपोआप मिळतो, बाकीच्यांना द्यावा लागतो.
- साधा टेक्स्ट एडिटर. वर्डसारखं सॉफ्टवेअर इथे चालत नाही, कारण पुढे येईल.
- एक अँड्रॉइड फोन, शक्यतो जुना.

विकी स्वतःच्या सर्व्हरवर नसून फॅन्डम किंवा मिराहेझसारख्या, इतरांचे विकी चालवणाऱ्या ठिकाणी असेल तर लोकलसेटिंग्ज तुमच्या हातात नसते. फॅन्डमवर थीम डिझायनरमधून रंग आणि लोगो, तर मिराहेझवर मॅनेजविकीमधून स्किन आणि लोगो बदलता येतात. तुम्ही तिसरी पायरी सोडा. बाकीचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

१. काहीही न बदलता आधी पाहून घ्या

‘विशेष:व्हर्जन’ हे पान उघडा. (विशेष पानांची इंग्रजी नावं मराठी विकीवरही चालतात.) तिथे मीडियाविकीची आवृत्ती आणि बसवलेल्या स्किनची यादी दिसते. आवृत्तीचा आकडा लिहून ठेवा, तो लगेच लागणार आहे.

आता कुठलंही पान उघडून त्याच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘यूजस्किन=टाइमलेस’ असं जोडा. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर त्याऐवजी ‘अँड’चं चिन्ह. ते पान फक्त तुम्हाला, फक्त तेवढ्यापुरतं टाइमलेस स्किनमध्ये दिसेल. बसवलेल्या प्रत्येक स्किनमध्ये मुखपृष्ठ, तक्ता असलेलं एखादं लांबलचक पान, एखादं वर्गाचं (कॅटेगरीचं) पान आणि संपादनाची खिडकी अशी चार पानं पाहा. नुसत्या मुखपृष्ठावरून स्किन निवडली की पुढे पस्तावावं लागतं, कारण वाचक शोधयंत्रावरून येतो तो थेट आतल्या पानावर.

२. स्किन निवडा

अलीकडच्या मीडियाविकीबरोबर व्हेक्टर, मोनोबुक, टाइमलेस आणि मिनर्व्हा-नॉये अशा चार स्किन येतात. व्हेक्टरच्या एकाच फोल्डरमध्ये दोन स्किन आहेत : २०१० पासूनची जुनी व्हेक्टर आणि इंग्रजी विकिपीडियावर जानेवारी २०२३ मध्ये आलेली व्हेक्टर-२०२२.

मोनोबुक २००४ ची आहे. तिची डावी पट्टी आणि बारीक अक्षर जुन्या संपादकांना प्रिय आहे, पण नव्या वाचकासाठी मी ती सुचवणार नाही. जुन्या व्हेक्टरमध्ये मजकूर १४ पिक्सेलचा असतो. रोमनला तो चालून जातो, देवनागरीला अपुरा पडतो. व्हेक्टर-२०२२ मध्ये ओळीची लांबी मर्यादित ठेवलेली असते, अनुक्रमणिका डावीकडे स्थिर राहते आणि वाचकाला अक्षराचा आकार बदलता येतो. निबंधवजा, सलग वाचायच्या मजकुरासाठी माझ्या मते आज हीच सर्वांत चांगली. रुंद तक्ते असतील तर मात्र ती अरुंद रांग आड येते. वाचकाला पान रुंद करायचं बटण मिळतं, पण ते किती जण दाबतील?

टाइमलेस मोठ्या पडद्यावर तीन स्तंभांची होते आणि फोनवर स्वतःहून आकसते. मोबाइलसाठी वेगळं काही बसवायचं नसेल अशा लहान विकीला ती उत्तम. मिनर्व्हा मुळात मोबाइलसाठी आहे. बाहेरच्या स्किनपैकी सिटिझन देखणी आहे आणि तिच्यात गडद रूप आधीपासून आहे. कमिलियन बूटस्ट्रॅप या तयार सीएसएसच्या संचावर उभी आहे. तिच्यात पानाचे भाग कुठे बसवायचे तेही ठरवता येतं, पण ती बसवायला कंपोझर, म्हणजे कमांड देऊन पीएचपीचे भाग बसवणारं साधन, वापरता यावं लागतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर असाल तर तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

३. स्किन बसवा

क) स्किनची आवृत्ती तुमच्या मीडियाविकीशी जुळणारीच घ्या. डाउनलोडच्या पानावर मीडियाविकीची आवृत्ती विचारतात, तिथे पहिल्या पायरीत लिहून ठेवलेला आकडा द्या. ‘मास्टर’ नावाची सगळ्यात नवी प्रत मोहात पाडते, पण ती पुढच्या, अजून न आलेल्या मीडियाविकीसाठी असते.

ख) फाइल उघडून निघालेला फोल्डर ‘स्किन्स’ या फोल्डरमध्ये ठेवा. गिटहबवरून झिप उतरवली तर फोल्डरच्या नावाला शेपूट लागलेलं असतं, ते काढून मूळ नाव द्या. लिनक्स सर्व्हरवर मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानलं जातं, हेही लक्षात असू द्या.

ग) लोकलसेटिंग्जच्या तळाशी ‘डब्ल्यूएफ-लोड-स्किन’ची ओळ लिहून कंसात फोल्डरचं नाव द्या. त्याखाली ‘डब्ल्यूजी-डिफॉल्ट-स्किन’च्या ओळीत स्किनचं अंतर्गत नाव द्या. ही दोन नावं नेहमी एकच नसतात. फोल्डर ‘मिनर्व्हानॉये’, अंतर्गत नाव मात्र नुसतं ‘मिनर्व्हा’. फोल्डर ‘व्हेक्टर’, पण नवी स्किन हवी तर ‘व्हेक्टर-२०२२’. अंतर्गत नावं सगळी लहान अक्षरांत. नव्वद टक्के अडचणी इथेच होतात म्हटलं तरी चालेल.

घ) फाइल जतन करताना यूटीएफ-८, पण बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण) नसलेली, असा पर्याय निवडा. वर्डमध्ये उघडलेल्या फाइलीत सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात, पीएचपीला ती कळत नाहीत आणि सगळा विकी पांढराफटक पडतो. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तरी तेच. घाबरू नका, उतरवून ठेवलेली प्रत परत चढवली की विकी पूर्ववत होतो.

ङ) तपासणी खासगी खिडकीत, लॉग-इन न करता करा. ज्या सदस्यांनी पसंतीमध्ये वेगळी स्किन निवडून ठेवली आहे त्यांना तीच दिसत राहते, आणि त्या सदस्यांत बऱ्याचदा प्रशासक स्वतःच असतो.

४. लोगो आणि नाव

सेटिंगचं नाव ‘डब्ल्यूजी-लोगोज’, शेवटी अनेकवचनाच्या ‘एस’सकट. त्यात वेगवेगळ्या स्किनसाठी वेगवेगळी चित्रं देता येतात. जुन्या व्हेक्टर आणि मोनोबुकला १३५ बाय १३५ पिक्सेलचं चौकोनी चित्र लागतं. व्हेक्टर-२०२२ ला एक लहान ‘आयकॉन’ आणि त्याच्या शेजारी बसणारा ‘वर्डमार्क’, म्हणजे अक्षरांत काढलेलं नाव, लागतं. वर्डमार्कबरोबर रुंदी आणि उंची आकड्यांत द्यावीच लागते.

मराठी नावाचा वर्डमार्क एसव्हीजी या रेषांच्या चित्रप्रकारात करणार असाल तर इंकस्केपसारख्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं रूपांतर आकृतीत करून मगच जतन करा. पानात चित्र म्हणून आलेल्या एसव्हीजीला बाहेरचा फॉन्ट मागवता येत नाही. तुमच्या संगणकावर सुरेख दिसणारं नाव दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्याकडे असेल त्या फॉन्टमध्ये उमटतं, आणि मग त्याची लांबी, वेलांट्या, सगळंच बदलतं.

लोगोची फाइल स्किनच्या किंवा ‘रिसोर्सेस’च्या फोल्डरमध्ये ठेवू नका. अपग्रेडमध्ये ते फोल्डर बदलले जातात. वेगळा फोल्डर करा.

५. बाजूची पट्टी

हे सर्व्हरवर नाही, विकीच्याच ‘मीडियाविकी:साइडबार’ या पानावर होतं. एक तारा म्हणजे गटाचं नाव, दोन तारे म्हणजे दुवा. दुव्यात आधी पानाचं नाव, मग उभी रेघ, मग दिसायचा मजकूर. दुवे सात-आठच्या वर नेऊ नका. आमच्याकडे ‘वर्षानुसार’, ‘संपादकानुसार’, ‘चित्रकारानुसार’ आणि ‘नवीन नोंदी’ एवढ्यावर काम भागतं.

६. सीएसएस कुठे लिहायची

स्किनच्या फोल्डरमधल्या फाइली कधीही थेट बदलू नका. त्यासाठी विकीवर पानं आहेत :

- ‘मीडियाविकी:कॉमन.सीएसएस’ : सगळ्या स्किनना, सगळ्या वाचकांना लागू.
- ‘मीडियाविकी:टाइमलेस.सीएसएस’, ‘मीडियाविकी:व्हेक्टर-२०२२.सीएसएस’ वगैरे : फक्त त्या स्किनला.
- ‘सदस्य:तुमचं नाव/कॉमन.सीएसएस’ : फक्त तुम्हाला.

फॉन्ट, ओळींतलं अंतर, तक्त्यांची रूपं अशा गोष्टी पहिल्या पानावर. स्किनच्या ढाच्याला हात लावणारं सगळं दुसऱ्या प्रकारच्या पानावर, म्हणजे उद्या स्किन बदलली तर जुने नियम नव्या स्किनची मोडतोड करणार नाहीत. तिसरा प्रकार प्रयोगासाठी आहे, पण स्वतःच्या विकीवर तो सुरुवातीला बंद असतो. ‘डब्ल्यूजी-अलाउ-यूजर-सीएसएस’ हे सेटिंग लोकलसेटिंग्जमध्ये सुरू करावं लागतं. मराठी विकिपीडियावर तो सगळ्या खातेदारांना खुला आहे. अजून स्वतःचा विकी नसेल तर तिथल्या आपल्या सदस्यपानाखाली पुढच्या पायरीतले नियम लिहून पाहा. इतरांना काहीही वेगळं दिसणार नाही.

लॉग-इनच्या आणि पसंतीच्या पानांवर कॉमन.सीएसएस लागू होत नाही. ते सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलं आहे, तुमची चूक शोधत बसू नका. सीएसएसच्या जोडीला जावास्क्रिप्टचंही पान असतं. कुठून तरी मिळालेला तुकडा न समजता तिथे चिकटवू नका, तो तुमच्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणार असतो.

७. देवनागरी नीट दिसण्यासाठी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या स्किन मुख्यतः रोमन अक्षर समोर ठेवून आखलेल्या आहेत. रोमन अक्षराला रेघेच्या वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, की उभं चढणारं जोडाक्षर नाही.

*भाषा आधी.* लोकलसेटिंग्जमध्ये विकीची भाषा ‘एमआर’ असल्याची खात्री करा. त्यामुळे बटणं मराठीत येतात, शिवाय पानाच्या एचटीएमएलवर मराठीची खूण बसते. ही खूण असेल तर नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं मराठी वळणाने दाखवतात, नसेल तर हिंदी वळणाने. मराठी वाचकाला हा फरक नाव सांगता आलं नाही तरी डोळ्याला जाणवतो. तारखांचे, पानांच्या संख्यांचे आकडेही याच सेटिंगमुळे देवनागरीत येतात. ते इंग्रजी आकड्यांतच हवे असतील तर ‘डब्ल्यूजी-ट्रान्सलेट-न्यूमरल्स’ बंद करता येतं.

*ओळींतलं अंतर.* मजकुरासाठी ‘लाइन-हाइट’ १.७ ते १.८ ठेवा. शीर्षकांसाठी व्हेक्टरमध्ये ती १.३ च्या आसपास असते. दोन ओळींचं शीर्षक आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, म्हणून शीर्षकांना १.५ द्या. मूल्य पिक्सेलमध्ये न लिहिता नुसता आकडा लिहा, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी प्रमाण टिकतं.

*आकार.* मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. तळटीपा आणि माहितीचौकटी यांचा आकार स्किन आणखी कमी करते, तिथे ९० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका.

*फॉन्ट.* मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी एक निवडा. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. मुक्ता पडद्यावर स्वच्छ आणि मोकळा दिसतो, टिरोला छापील पुस्तकाचं वळण आहे, लांब लेखांना तो शोभतो. देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा बऱ्याच जड असतात, त्यामुळे ‘डब्ल्यूओएफएफ-२’ या आकुंचित प्रकारात साधं आणि (त्या फॉन्टमध्ये असेल तर) ठळक अशी दोनच वजनं घ्या. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ हे मूल्य दिलं की फॉन्ट पोचेपर्यंत वाचकाला कोरं पान दिसत नाही. संपादनाच्या चौकटीलाही हाच फॉन्ट लावा. तिथे मूळचा एकसारख्या रुंदीचा फॉन्ट असतो आणि त्यात मराठी मजकूर तपासणं डोळ्यांना फार जड जातं.

*अक्षरांमधलं अंतर वाढवू नका.* ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तयार साचे (टेम्प्लेट) उचलताना हा नियम त्यांच्याबरोबर हमखास येतो. शोधून शून्य करा.

*तिरकं अक्षर.* देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर ते ओढूनताणून तिरकं करतो. नियतकालिकांची नावं आम्ही एकेरी अवतरणात घालतो आणि तिरकेपणा सीएसएसनेच काढून टाकला आहे.

हे सगळं झालं की ‘चाचणी’ नावाचं पान करून त्यात हे शब्द मजकुरात आणि शीर्षकातही लिहा : ॲप, ऑफिस, दऱ्या, तऱ्हा, लाल, शाळा, कर्तृत्व, विठ्ठल, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, मूर्ती. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे. ‘दऱ्या’मध्ये अर्ध्या चंद्रासारखा र नीट जुळला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी सोडून द्या. ‘मूर्ती’चा रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढल्या किंवा वरून कापल्या गेल्या तर ओळीतलं अंतर वाढवा. हेच पान जुन्या फोनवरही उघडून पाहा.

८. मुखपृष्ठाची मांडणी

पानाच्या ‘बॉडी’ला मीडियाविकी पानाच्या नावाचा वर्ग (सीएसएसमधला ‘क्लास’) देतं, आणि तो देवनागरीतही चालतो. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात ‘मुखपृष्ठ’ असं शीर्षक नको असेल तर त्या वर्गाच्या आधारे तेवढ्याच पानावरचं शीर्षक लपवता येतं. चौकटी मांडायला तक्ता वापरू नका, फोनवर तो आकसत नाही. सीएसएसचं ‘ग्रिड’ किंवा ‘फ्लेक्स’ वापरा. साच्यांची रूपं कॉमन.सीएसएसमध्ये कोंबण्यापेक्षा ‘टेम्प्लेटस्टाइल्स’ हा विस्तार (मीडियाविकीला जोडायचा जादा भाग) बसवा. त्या त्या साच्याचे नियम त्याच्याजवळच राहतात आणि लागतील त्याच पानावर उतरतात.

९. फोन आणि गडद रूप

‘मोबाइलफ्रंटएंड’ हा विस्तार बसवलेला असेल तर फोनवर वेगळी स्किन, बहुधा मिनर्व्हा, दिसते. तुमच्या कॉमन.सीएसएसमधले नियम तिथे लागू होतीलच असं धरून चालू नका. देवनागरीचे नियम ‘मीडियाविकी:मिनर्व्हा.सीएसएस’मध्येही लिहा. रुंद तक्त्याभोवती आडवं सरकणारं वेष्टण द्या.

गडद रूप देणार असाल तर एकच नियम काटेकोर पाळा : जिथे पार्श्वभूमीचा रंग लिहाल तिथे अक्षराचा रंगही लिहा. नुसती फिकट पिवळी चौकट केली असेल तर गडद रूपात तिच्यावर पांढरं अक्षर येतं आणि काहीच वाचता येत नाही.

१०. बदल दिसत नसेल किंवा पान मोडलं असेल तर

सीएसएस जतन केल्यावर ती सगळ्यांपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागू शकतात. तेवढं थांबून कंट्रोल आणि एफ-५ दाबा. नुसत्या एका पानाचा जुना मजकूर अडकला असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘ॲक्शन=पर्ज’ जोडा.

सीएसएसमुळे मेन्यूच नाहीसा झाला, संपादनाचं बटणच दिसेना, असं झालं तर ‘सेफमोड=१’ जोडा. विकीची आणि सदस्याची सीएसएस-जावास्क्रिप्ट त्या पानापुरती बाजूला राहते. मग कॉमन.सीएसएसच्या इतिहासात जाऊन आधीची आवृत्ती परत आणा. म्हणूनच एका वेळी एकच बदल करा आणि संपादनाच्या सारांशात तो मराठीत स्पष्ट लिहा. नियम लागू होत नाही म्हणून सगळीकडे ‘इम्पॉर्टंट’ चिकटवण्याची सवय लावून घेऊ नका. ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’मध्ये कुठला नियम वरचढ ठरतोय ते दिसतं, त्याच्याइतकाच नेमका सिलेक्टर (नियम कशाला लागू हे सांगणारा भाग) लिहा.

११. अपग्रेडच्या वेळी

मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. लहान विकीने त्या शर्यतीत न उतरता दीर्घ मुदतीचा आधार असलेली आवृत्ती धरावी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली १.४३ अशी आहे, तिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. अपग्रेड करताना बाहेरून आणलेली स्किनही त्याच आवृत्तीची उतरवा आणि जुन्या फोल्डरवर नवा न पसरता जुना हलवून नवा ठेवा. काम चालू असेपर्यंत लोकलसेटिंग्जमध्ये मूळ स्किन म्हणून व्हेक्टर लावून ठेवा. बाहेरची स्किन नव्या आवृत्तीवर ‘यूजस्किन’ने नीट चालताना दिसली की मग ती परत लावा.